तळहातावरची शर्यत
रेझिनच्या छोट्या मोटारी, साच्याचा इल्म आणि आपल्या घरातले हुनरी हात

आपल्या घरांचे आणि मोटारींचे नाते जुने आहे. कुणाचे मामू मेकॅनिक, कुणाचे चाचा डेंटिंग-पेंटिंगवाले, कुणाचा भाऊ टायरच्या दुकानात, तर कुणाचा वाळूजच्या कारखान्यात. आमच्या केदारखेड्यासारख्या गावातही मुलगा सायकल सोडून दुचाकीला हात लावायला लागला की पहिला स्क्रू उघडायला तो कुणाला विचारत नाही. पण ‘हा मोटारीतच रमतो’ हे वाक्य आपण कौतुकाने क्वचितच उच्चारतो. त्याचा अर्थ बहुधा ‘याचे अभ्यासात लक्ष नाही’ असाच असतो.

या लेखातल्या मोटारी रस्त्यावर धावत नाहीत. त्या तळहातावर मावतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शर्यती गाजवलेल्या गाड्यांच्या त्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती आहेत. त्या तयार मिळत नाहीत. डबीत सुटे भाग येतात आणि ते घासून, रंगवून, जोडून मोटार स्वतःच्या हाताने उभी करावी लागते. जगभर हजारो माणसे हा शौक करतात. त्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, निवृत्त कारागीरही आहेत. खेळण्यासारखी दिसणारी ही वस्तू हाताला आणि डोळ्याला जे शिकवते, ते आपल्या मुलामुलींच्या कामाचे आहे. म्हणून हा परिचय.

एकाचे त्रेचाळीस

या मोटारींचे सर्वांत प्रचलित प्रमाण १:४३ आहे. म्हणजे खऱ्या मोटारीचे ४३ सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. सव्वाचार मीटर लांबीची गाडी साधारण दहा सेंटीमीटरची होते आणि तिचे चाक नखाएवढे. हा विचित्र आकडा आला आगगाडीच्या खेळण्यांतून. ब्रिटनमध्ये ‘ओ’ मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी एका फुटाला सात मिलिमीटर हे प्रमाण धरत. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर असतात. त्यांना सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. १९३० च्या दशकात या रेल्वेच्या शेजारी ठेवायला म्हणून छोट्या मोटारी निघाल्या. त्यातूनच ‘डिंकी’ ही प्रसिद्ध मालिका वाढली. डिंकीचे काही साचे पुढे कलकत्त्यात आले आणि त्यांतून निघालेल्या गाड्या भारतात ‘निकी टॉइज’ या नावाने विकल्या गेल्या.

ती मुलांची खेळणी होती. त्यांच्यात खऱ्या गाडीचे बारकावे नव्हते. १९७० च्या दशकात ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीतल्या काही शौकिनांनी ठरवले की आपल्या आवडीची शर्यतीची गाडी कुणी बनवत नसेल तर आपणच बनवायची. घराच्या मागच्या खोलीत, गॅरेजात छोटे कारखाने सुरू झाले. आधी शिसे-कथिलासारख्या मऊ पांढऱ्या धातूचे भाग ओतले जात. नंतर रेझिन आले. दक्षिण फ्रान्समधले ‘प्रोव्हान्स मुलाज’ आणि ‘स्टार्टर’ हे कारखाने रेझिनच्या संचांसाठी नावाजले. इटलीतल्या ‘टामेओ’ने धातूच्या संचांत नाव कमावले. मोठ्या कंपनीला लाखभर नग विकावे लागतात. या छोट्या कारखान्याला काही शे पुरत. त्यामुळे शर्यतीत एकदाच धावलेली, शेवटी आलेली गाडीसुद्धा कुणीतरी बनवली.

७२२ क्रमांकाची गाडी

या शौकात गाडीबरोबर तिचा इतिहास येतो. एकच उदाहरण पाहू.

१ मे १९५५. इटलीतली ‘मिले मिलिया’, म्हणजे हजार मैलांची शर्यत. ब्रेशिया शहरातून निघायचे, रोमला जायचे आणि परत ब्रेशियाला यायचे. रस्ता साधा, सार्वजनिक, सुमारे सोळाशे किलोमीटरचा. गाड्या एकेक करून सोडत आणि सुटण्याची वेळ हाच गाडीचा क्रमांक असे. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटलेल्या चंदेरी मर्सिडीज ३०० एसएलआरवर म्हणून ७२२ हा आकडा होता. चालक स्टर्लिंग मॉस, शेजारी पत्रकार डेनिस जेन्किन्सन. जेन्किन्सनने आधी रस्त्यावरून फिरून प्रत्येक वळण, चढ, रेल्वे फाटक टिपून ठेवले होते. ती टिपणे सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदी गुंडाळीवर होती आणि गुंडाळी एका छोट्या डबीत बसवली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून तो एकेक ओळ पाहून हाताने खुणा करी. दहा तास, सात मिनिटे, अठ्ठेचाळीस सेकंदांत त्यांनी शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटर, तोही गावागावांतून!

विजय चालकाचा खरा, पण त्यात त्या कागदी गुंडाळीचा, म्हणजे तयारीचा वाटा केवढा होता! मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत एक ३०० एसएलआर प्रेक्षकांवर आदळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. मोसम संपताच मर्सिडीज शर्यतींतून बाहेर पडली आणि अनेक वर्षे परतली नाही. १९५७ च्या मिले मिलियात एक गाडी रस्त्याकडेच्या लोकांत घुसली. मृतांत लहान मुलेही होती. ती शर्यत मग त्या रूपात कायमची बंद झाली. वेगाची किंमत रस्त्याकडेला उभ्या असलेल्यांनी मोजली. आपल्या जालना-भोकरदन रस्त्यावर मोटारसायकल उडवणाऱ्या पोरांना कपाटातली स्थिर गाडी हे समजावू शकली, तरी तिचे काम झाले.

याच गाडीच्या दोन बंदिस्त भावंडांपैकी एक मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे अकराशे कोटी रुपयांना विकली गेली. जगातली ती सर्वांत महाग मोटार ठरली. ते पैसे तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरण्याचे कंपनीने जाहीर केले. आपल्या टेबलावर तिची दहा सेंटीमीटरची बहीण मात्र मेहनतीच्या मोलात उभी राहते.

साचा : सगळ्याचे मूळ

संच कसा जन्मतो? आधी एक उस्ताद मूळ नमुना घडवतो. लाकूड, पितळ किंवा एमसीलसारखी लांबी वापरून, जुनी छायाचित्रे आणि मोजमापे समोर ठेवून तो गाडीचा देह कोरतो. आता काही जण संगणकावर आराखडा करून थ्रीडी प्रिंटरने नमुना काढतात. मग हा नमुना प्लॅस्टिसिनच्या मळलेल्या गोळ्यात अर्धा बुडवून त्यावर द्रव सिलिकॉन रबर ओततात. रबर रात्रभरात घट्ट होते. मग प्लॅस्टिसिन काढायचे, उलटे करायचे, रबर रबराला चिकटू नये म्हणून वंगण लावायचे आणि दुसरी बाजू ओतायची. दोन्ही अर्धे उघडून नमुना बाहेर काढला की आत त्याची पोकळी उरते. तोच साचा.

या पोकळीत पॉलियुरेथेन रेझिन ओततात. हे रेझिन दोन द्रवांचे असते. ते मिसळले की दोन-चार मिनिटांतच घट्ट व्हायला लागते, म्हणून हात चपळ हवा. अर्ध्या तासात भाग बाहेर येतो. हवा आत अडकली तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. रबराचा साचा तीस-पन्नास नग काढल्यावर फाटतो. म्हणून असे संच थोडेच निघतात आणि महाग असतात.

ओतकामाचा हा इल्म आपल्याला परका नाही. आठशे वर्षांपूर्वी दियारबकरच्या आर्तुकी सुलतानांच्या पदरी अल-जजरी नावाचे थोर यंत्रकार होते. १२०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ग्रंथात पाणी उचलणारी यंत्रे आहेत, जलघड्याळे आहेत आणि ती बनवायची कशी याच्या बारीक सूचनाही आहेत. आराखडा पक्का करण्यासाठी आधी कागदाचा छोटा नमुना करणे, लाकूड वाकू नये म्हणून थर जोडणे, चाकाचा तोल साधणे, ओल्या वाळूच्या बंद पेटीत धातू ओतणे, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. मोटारीच्या इंजिनाचे ठोकळे आजही वाळूच्या साच्यांत ओतले जातात.

आणखी जवळचे उदाहरण बिदरीचे. आपला जालना भाग आणि बिदर हे दोन्ही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. बिदरीचा कारागीर जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू मातीच्या साच्यात ओततो, कानशीने घासतो, नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकतो आणि शेवटी बिदर किल्ल्यातल्या मातीने भांडे काळे करतो. ओतणे, घासणे, जडवणे, रंग आणणे. रेझिनच्या मोटारीचा क्रमही तोच.

जोडणी : सबर आणि अर्धा मिलिमीटर

डबी उघडली की आत निघते ते असे: एक पिवळसर किंवा करडा देह, तळाची पट्टी, चाके, टायर, काचेसाठी पातळ पारदर्शक पत्रा, पितळेच्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले बारीक भाग (आरसे, जाळ्या, चाकांच्या तारा) आणि आकड्यांचे पाण्यात सुटणारे स्टिकर. सूचनांचे पान बहुधा एकच असते.

पहिले काम धुण्याचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो. कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून, जुन्या दातांच्या ब्रशने तो काढायचा. तो राहिला तर रंग पापड्यासारखा सुटतो. भाग वाकडा आला असेल तर गरम पाण्यात क्षणभर ठेवून सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा.

मग घासकाम. बारीक कानशी, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर आणि पाणी. छिद्रांत लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायची. इथे ४३ चा आकडा शिस्त लावतो. अर्धा मिलिमीटर जास्त घासला तर खऱ्या गाडीचा दोन सेंटीमीटर पत्रा उडाला! रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा झाला तर खऱ्या गाडीवर तो चार मिलिमीटर जाड! दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणून रंग एकदाच दाट नाही, पातळ करून चार-पाच वेळा मारतात. दोन थरांमध्ये थांबावे लागते. हे थांबणेच शिकायचे असते.

रेझिनला प्लॅस्टिकचा डिंक चालत नाही. फेवीक्विकसारखा चटकन चिकटणारा डिंक किंवा अराल्डाइट लागतो. पण काचेला फेवीक्विक कधी लावू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी झाक येते आणि ती जात नाही. काचेला साधा फेविकॉल बरा. स्टिकर अर्धा मिनिट पाण्यात भिजवायचे, कागदावरून सरकवत गाडीवर आणायचे आणि ओल्या ब्रशने जागेवर बसवायचे. ७२२ चा शेवटचा ‘२’ सरळ बसला की जो आनंद होतो, तो बाजारात विकत मिळत नाही.

घरात करताना

आता घरच्या बायकांच्या मनातला प्रश्न: हे सारे घरात सुरक्षित आहे का? जोडणी आहे, ओतकाम नाही. फरक नीट समजून घ्यावा.

रेझिन ओतण्याच्या द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याची वाफ छातीला घातक आहे आणि दम्याच्या माणसाला तर फारच. ओतकाम मोठ्या माणसानेच, हातमोजे घालून, उघड्या अंगणात किंवा गच्चीवर, योग्य मास्क लावून करावे. मुलांना, गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नये. स्वयंपाकघरातली वाटी किंवा चमचा एकदा वापरला की तो पुन्हा अन्नाला लावू नये. वाळलेल्या रेझिनची धूळही छातीत जाते. म्हणून नेहमी ओले करून घासावे आणि तो लगदा कागदाने पुसून टाकावा. जुन्या धातूच्या संचांत शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. मुलांच्या हाती पाण्यातले अॅक्रिलिक रंगच द्यावेत. बोटे डिंकाने चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवली की हळूहळू सुटतात.

आपल्या हवेचा हिशेबही वेगळा. मे महिन्यातल्या उन्हात रेझिन डोळ्यादेखत घट्ट होते, म्हणून ओतायचे तर सकाळी लवकर. पावसाळ्यात दमट हवा त्यात शिरली की फेस येतो आणि भाग पावासारखा फुगतो. तयार गाडी उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवली तर वाकते. उघड्या खिडकीतली धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून रंगवलेला भाग लगेच पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकावा.

खर्चाचे काय? परदेशी रेझिनचा संच हजारोंत जातो, वर टपाल आणि कस्टम. सुरुवातीला तो आणणे म्हणजे उधळपट्टीच. आधी ईदीच्या पैशांत येईल असा प्लॅस्टिकचा साधा संच घ्यावा. त्याहून स्वस्त म्हणजे शाडूची माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. एका खेळण्यातल्या मोटारीला खोबरेल तेलाचे बोट लावायचे, ती शाडूत अर्धी दाबायची, अलगद उचलायची आणि खळग्यात प्लास्टर ओतायचे. पहिल्याच प्रयत्नात मूल एक मोठी गोष्ट शिकते: जो आकार आत वळलेला आहे, तो साच्यातून सुटत नाही. बाजूंना थोडा उतार द्यावाच लागतो. हा उतार किती द्यायचा, साचा कुठे दुभागायचा, हवा कुठून काढायची, याच तीन प्रश्नांवर जगातला प्रत्येक कारखान्याचा साचा उभा आहे.

हात कुठवर नेतो

बादलीपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत आणि मोटारीच्या दिव्यापासून औषधाच्या झाकणापर्यंत सारे कुठल्यातरी साच्यातून निघते. साचा घडवणाऱ्याला टूल अँड डाय मेकर म्हणतात. आपल्यापासून जवळच, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीनंतर तिथे टूल अँड डाय मेकिंगची पदविका करता येते. आयटीआयमध्येही फिटर, टर्नर, मशिनिस्टचे अभ्यासक्रम आहेत. वाळूज आणि शेंद्र्याच्या वाहन कारखान्यांना, जालन्याच्या लोखंडाच्या गिरण्यांना असे हात लागतात. प्रवेशाच्या अटी आणि फी दरवर्षी बदलते, ती संस्थेतच जाऊन विचारावी.

२००६ मध्ये सच्चर समितीने नोंदवले होते की मुस्लिम कामगारांचा मोठा हिस्सा स्वतःच्या छोट्या धंद्यात आणि घरगुती कामात आहे. याचा अर्थ हुनर आपल्याकडे आहे, कमी आहे तो कागद. गॅरेजमधला मुलगा कानाने इंजिनाचा दोष ओळखतो, पण आराखडा वाचता येत नाही म्हणून त्याचा पगार हेल्परचाच राहतो. टेबलावरची छोटी मोटार नेमके हेच शिकवते: मोजणे, आराखडा वाचणे, प्रमाणाचे गणित, क्रमाने काम. आणि हे फक्त मुलांसाठी नाही. ज्या मुली मेहंदीची केसासारखी रेघ न थरथरता ओढतात, जरदोजीचा टाका मोजून घालतात, त्यांच्या हाताला अर्धा मिलिमीटर परका नाही. साच्याचे आराखडे आता संगणकावर होतात, त्यामुळे कारखान्याची वाट मुलींनाही मोकळी आहे.

सुट्टीत पुण्याला जाणे झाले तर कोथरूडमधले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. १९९८ मध्ये ते खुले झाले. एका माणसाचा शौक किती शिस्तीने वाढू शकतो, हे तिथे दिसते.

आणि लांब कशाला जायचे? आपलेच भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे १९७३ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंताचे कोरीव काम सापडले. त्यातल्या एका हस्तिदंती मूर्तीचा तुकडा इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या भारतीय मूर्तीशी विलक्षण जुळतो. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वीतभर हस्तिदंतात बारीक काम करणारे हात या परिसरात होते आणि तसले काम थेट इटलीत पोहोचत होते. आज इटलीतल्या शर्यतीची मोटार केदारखेड्याच्या एखाद्या ओसरीवर घडली, तर तो उलटा प्रवास ठरेल.

पालकांनी करायचे ते फार नाही. एक टेबल, खिडकीजवळचा उजेड, एक कानस, दोन पॉलिश पेपर आणि अर्धवट राहिलेली गाडी आठवडाभर कुणी हलवणार नाही एवढी हमी. बाकी काम हात करतील. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणाले, ‘हा मोटारीतच रमतो,’ तर त्याने घासलेला भाग हातात घ्या, नखाने कड तपासा आणि त्यालाच विचारा, ‘इथे उतार किती दिलास?’